रंग मारण्याआधीचे काम

वेल्डिंगचे काम पाहायचे असेल तर ते रंग मारण्याआधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. रंग चढला की गेट सुबक दिसते, टेबल देखणे दिसते, जिन्याचा कठडा एका रेषेत आल्याचे समाधान मिळते. पण जोड कसा झाला आहे, धातू एकमेकांत खरोखर उतरला आहे की नुसता वर थापला गेला आहे, हे त्यानंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच ठाणे आणि नवी मुंबईतले आम्ही काही हौशी आणि काही पोटापाण्यासाठी हेच काम करणारे वेल्डर आपापली नवी कामे घेऊन एकत्र येतो, तेव्हा आमच्यात एकच अट असते. कामावर रंग नसावा, पुट्टी नसावी आणि दाखवायच्या जोडावरून ग्राइंडर फिरलेला नसावा.

आम्ही जमतो ते वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या गाळ्यात, रविवारी सकाळी, आजूबाजूची शटर बंद असताना. मी स्वतः महाप्याच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात तपासणीचे काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेले जोड पाहते, मोजते आणि त्यांच्याविषयी लिहून ठेवते. घरच्या कामांसाठी एक लहान इन्व्हर्टर मशीनही बाळगून आहे. त्यामुळे हौशी मंडळींची उत्सुकता आणि व्यावसायिकांची घाई या दोन्ही गोष्टी मला जवळून ठाऊक आहेत, आणि दोघांनी एकमेकांचे उघडे काम पाहावे असे मला मनापासून वाटते.

आपला हा पट्टा या कामासाठी फार सोयीचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 साली झाली आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेली टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, औद्योगिक वसाहत आहे, पुढे तळोजा आहे आणि कच्च्या मालासाठी कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. वागळे इस्टेटमधल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी गल्ल्यांमधले लहान गाळे टिकून आहेत आणि त्यांत काम करणारे हात अजून तितकेच तयार आहेत.

सोय जेवढी आहे तेवढीच इथली हवा कठोर आहे. खाडीवरून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यासमोर कच्चा जोड फार काळ लपून राहत नाही. ऐरोलीत किंवा वाशीत एखाद्या जुन्या इमारतीखाली उभे राहून वरच्या खिडक्यांच्या ग्रिल नीट पाहिल्या, तर गंज सळईच्या मधोमध सुरू झालेला क्वचितच दिसेल; तो जवळजवळ नेहमी जोडापाशी सुरू होतो. त्याची कारणे साधी आहेत. जोडावरची स्लॅग, म्हणजे वितळून गोठलेली काचेसारखी साल, पूर्ण न काढता रंग मारला की तिच्याखाली ओल धरून राहते. उडालेल्या ठिणग्यांच्या बारीक गाठींवर रंगाचा थर पातळ बसतो. आणि बीडमध्ये, म्हणजे जोडावर ओढलेल्या धातूच्या पट्ट्यात, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र राहिले असेल, तर चौकोनी पाइपच्या आत पाणी शिरते आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते. अशा वेळी पाइप आतून खात जातो. बाहेरून रंग शाबूत असतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर खालच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ दिसू लागतो तेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.

गेल्या वेळच्या कामांत सर्वांत जास्त चर्चा झाली ती कळव्याच्या एका ज्येष्ठ फॅब्रिकेटरांच्या गेटची. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. एका गृहनिर्माण संस्थेसाठी त्यांनी बारा फुटी सरकते गेट बनवले आहे. गेट अर्थातच जागेवर होते, पण त्याच मापाच्या पाइपचा एक पूर्ण कोपरा त्यांनी नमुना म्हणून आणला होता आणि टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरण्यापुरते वेल्डिंगचे ठिपके, मारल्यापासूनचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले होते. पाइप 40 बाय 40 चा, भिंतीची जाडी 2 मिलिमीटर. मामांनी आधी व्हर्नियर पुढे केला आणि पाइपची जाडी मोजून दाखवली, कारण दोन मिलिमीटर म्हणून मिळणारा पाइप पुष्कळदा त्याहून पातळ निघतो. असा पाइप एका मीटरला साधारण सव्वादोन ते अडीच किलो भरायला हवा. पोलादाची घनता घनमीटरला 7850 किलो धरून हा हिशोब कोणालाही करता येतो. गोल सळईसाठी तर कारखान्यात सर्वांना पाठ असलेले सूत्र आहे: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 0.89 किलो. हौशी मंडळींपैकी बहुतेकांनी आजवर लांबीवर माल घेतला होता. या हिशोबानंतर ते नक्कीच वजनकाट्यासमोर उभे राहतील.

मामांच्या कोपऱ्यात पाहण्यासारखे काय होते, तर पंचेचाळीसचा कट. दोन्ही तुकडे इतके नेमके कापलेले होते की टॅक मारण्याआधी सांध्यात साधी पट्टीची धारही शिरत नव्हती. इथेच बहुतेक कामे बिघडतात. कट वाकडा गेला, फट राहिली, की ती भरण्यासाठी फ्लक्स, म्हणजे बाहेरचे आवरण, झाडलेला वेल्डिंग रॉडचा तुकडा आत ठेवून वरून बीड ओढण्याची खोड आपल्याकडे सर्रास आहे. वरून ते काम भरगच्च दिसते, ग्राइंडर फिरवल्यावर गुळगुळीतही होते, पण आतला तुकडा कुठेच धरलेला नसतो. मामा यावर फार कळकळीने बोलले. ते म्हणाले, “ताई, बीड ओढायला मी पोराला दोन महिन्यांत शिकवतो. कट मारायला आणि गुण्या लावायला शिकवायला दोन वर्षं जातात.”

त्यांच्या फोटोंमध्ये टॅकचा क्रमही स्पष्ट दिसत होता. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि ज्या बाजूला बीड पडला त्या बाजूला तुकडा ओढला जातो. कोपरा नव्वद अंशाऐवजी एकोणनव्वदचा झाला, तर जवळून डोळ्यांना काही जाणवत नाही. मात्र बारा फुटांच्या लांबीवर तो एक अंश जवळपास 64 मिलिमीटर होतो, आणि सरकते गेट एवढ्या फरकाने रुळावर चालूच शकत नाही. म्हणून मामांनी चारही कोपरे आधी फक्त टॅकवर धरले, दोन्ही कर्ण टेपने मोजून ते सारखे येईपर्यंत चौकट ठोकून घेतली आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने थोडे थोडे वेल्डिंग केले. एका कोपऱ्यावर बसून तो पूर्ण करण्याचा मोह त्यांनी कुठेही केलेला नाही. कोणत्याही महागड्या मशीनपेक्षा हा संयम जास्त कामाचा आहे.

त्या नमुन्यावर मी डाय पेनिट्रंट तपासणी करून दाखवली. तीन डबे लागतात: साफ करण्याचे द्रावण, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. जोड स्वच्छ पुसून लाल रंग फवारायचा, साधारण दहा मिनिटे तसाच ठेवायचा, कापडाने पुसून घ्यायचा आणि वरून डेव्हलपरचा पातळ पांढरा थर द्यायचा. पृष्ठभागावर उघडणारे छिद्र किंवा चीर असेल, तर तिच्यात मुरलेला लाल रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटतो. मामांचा बीड सलग आणि देखणा होता, तरी त्याच्या शेवटच्या टोकावर, जिथे रॉड उचलला गेला होता, तिथे सुरुवातीला पुसट आणि मग मोहरीएवढा लाल ठिपका दिसू लागला. शेवटी रॉड एकदम उचलला की तिथला खळगा भरायच्या आत धातू गोठतो आणि छिद्र राहते. मामांनी क्षणभर तो ठिपका न्याहाळला, ग्राइंडरने तेवढीच जागा खरवडली, पुन्हा बीड टाकला, आणि या वेळी शेवटी रॉड थोडा मागे घेऊन, खळगा भरू देऊन मग उचलला. दुसऱ्या तपासणीत पांढरा थर पांढराच राहिला. इतकी वर्षे काम केलेल्या माणसाने सर्वांसमोर असे करावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

चौकोनी पाइप पूर्ण बंद करावा की खाली निचऱ्याचे भोक ठेवावे, यावर बराच वेळ मतभेद झाले. पूर्ण बंद पाइपमध्ये नवी हवा आणि पाणी जात नाही, त्यामुळे आत गंज वाढत नाही, हे तत्त्वतः अगदी खरे आहे. पण त्यासाठी एकही छिद्र न राहिल्याची खात्री लागते आणि लहान गाळ्यात प्रत्येक जोडाची अशी तपासणी होत नाही. त्यामुळे आपल्या हवेत खालच्या आडव्या पाइपला तळातून सहा-आठ मिलिमीटरचे भोक ठेवणे मला जास्त भरवशाचे वाटते. आणि काम पुढे गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे जस्ताचा मुलामा द्यायला, पाठवायचे असेल, तर भोके ठेवण्यावाचून पर्यायच नाही. जस्ताच्या कढईचे तापमान 450 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि बंद पाइपमध्ये अडकलेल्या ओलीची तिथे वाफ होऊन पाइप फुटू शकतो. कढईजवळ उभ्या असलेल्या माणसांच्या जिवावर बेतणारी ही गोष्ट आहे.

मामांच्या गेटनंतर सर्वांच्या माना वळल्या त्या फ्लेमिंगोकडे. आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून रबाळ्याला नोकरी करणारी एक मुलगी तो घेऊन आली होती. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो आपल्याकडे आता सर्वांना परिचित आहेत. खाडीचा तो भाग 2015 साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. या मुलीने मोटारसायकलच्या जुन्या चेनच्या कड्यांची पिसे, सायकलच्या दातेरी चकतीचे अंग आणि दहा मिलिमीटरच्या सळईची मान करून कंबरेएवढा पक्षी उभा केला आहे. मानेचा बाक इतका अचूक साधला आहे, की चोच उलटी करून चिखल गाळणारा पक्षी कामावर जाता-येता पुलावरून पाहिलेल्या कोणालाही तो लगेच ओळखू येईल. पण आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा होता तो त्याचा पाय.

एकाच पायावर पक्षी उभा करायचा, म्हणजे सगळा भार एका जोडावर येतो. साधी सळई लवते म्हणून तिने पायासाठी जुन्या पाट्याच्या, म्हणजे गाडीच्या लीफ स्प्रिंगच्या, कापलेल्या पट्टीचा उपयोग केला आणि ती खालच्या जाड प्लेटला जोडली. संध्याकाळी जोड उत्तम होता. सकाळी बीडच्या अगदी शेजारी केसाएवढी चीर पडली होती. “मामा, रात्री काहीच नव्हतं हो,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरेच असणार. बांधकामात वापरल्या जाणाऱ्या साध्या पोलादात, म्हणजे आयएस 2062 या भारतीय मानकाच्या ई250 प्रतीत, कार्बनचे प्रमाण 0.23 टक्क्यांच्या वर जात नाही, आणि म्हणूनच ते कसेही जोडले तरी सहसा तक्रार करत नाही. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक असतो. आर्कने, म्हणजे रॉड आणि धातू यांच्यातल्या विजेच्या ज्योतीने, तापलेला लहानसा भाग भोवतालच्या थंड धातूमुळे झपाट्याने निवतो, आणि त्या भागाची रचना बदलून तो कठीण आणि ठिसूळ होतो. त्यातच रॉड दमट असेल, तर त्यातल्या ओलीमधून हायड्रोजन जोडात शिरतो आणि काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीसुद्धा, अशी चीर उघडते. चीर बीडमध्ये न पडता बीडच्या बाजूला पडते, ही तिची खूण.

यावर पाइप वेल्डिंग करणाऱ्या एका दादांनी तिला सांगितलेला उपाय मी इथे नीट लिहून ठेवते, कारण भंगारातून कलाकृती करणाऱ्या सर्वांनाच तो उपयोगी आहे. आधी चीर पूर्ण संपेपर्यंत खरवडून काढायची. तिच्यावर नुसता बीड ओढू नये. मग दोन्ही तुकडे साधारण 200 ते 250 अंशांपर्यंत तापवायचे आणि तापमान अंदाजाने न ठरवता तापमानाच्या खडूने किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहायचे. रॉड 7018 चा, म्हणजे जोडात हायड्रोजन कमी जाऊ देणाऱ्या प्रकारचा, आणि पूर्ण कोरडा असावा. काम झाल्यावर जोड उघड्यावर न ठेवता कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश निवू द्यायचा. बेअरिंगच्या गोळ्यांविषयी मात्र त्यांनी तिला स्पष्ट नाही सांगितले. त्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या घरात असतो, म्हणून डोळ्यांसाठी गोळ्या वापरायच्याच असतील, तर त्यांना कडे करून त्यात अडकवाव्यात. तसेच जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट आधी घासून उघडे करावेत, हेही त्यांनी बजावले.

हे दादा तळोजा आणि आसपासच्या कारखान्यांत प्रोसेस पाइपिंगची कामे करतात आणि 6जी चाचणी उत्तीर्ण आहेत. त्या चाचणीत पाइप 45 अंशांच्या कोनात पक्का बसवलेला असतो आणि तो न फिरवता वेल्डरला भोवती फिरून पूर्ण जोड करावा लागतो. त्यामुळे खालून, वरून, उभ्याने आणि अवघडून, असे सर्व प्रकारचे वेल्डिंग एकाच जोडात तपासले जाते. त्यांनी दोन इंची स्टेनलेस पाइपचे दोन जोड उभे कापून आणले होते. बाहेरून दोन्ही सारखेच देखणे, टिगच्या, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात केलेल्या वेल्डिंगच्या, एकसारख्या लहरी. आतून मात्र एकाची मुळाची बाजू रुपेरी आणि दुसऱ्याची काळी, जळक्या साखरेसारखी रवाळ होती. पहिल्यात पाइपच्या आत आर्गन भरून हवा बाहेर काढली होती, दुसऱ्यात नाही. आर्गन हवेपेक्षा सुमारे 1.4 पट जड असल्यामुळे तो खालून सोडावा आणि हवा वरच्या बारीक छिद्रातून जाऊ द्यावी, घाई करून जोराने सोडू नये, कारण जोराने सोडल्यास तो हवेत मिसळतो आणि हवा आतच राहते. रवाळ जोडाच्या खाचांत द्रव अडकतो आणि तिथून स्टेनलेससुद्धा खाल्ले जाते. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी काही बनवणाऱ्या हौशी मंडळींनी आतली बाजू हाताने चाचपून पाहावी, एवढे तरी नक्की करावे.

स्टेनलेसचा विषय निघाला की आपल्याकडे लोहचुंबक बाहेर येतोच. चुंबक चिकटला नाही म्हणजे 304, म्हणजे पुरेसे निकेल असलेली चांगली प्रत, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेली 200 मालिकेतली स्वस्त प्रतही चुंबकाला चिकटत नाही. तिचे कठडे आपल्या खाऱ्या हवेत लवकर डाग धरतात आणि ग्राहक वेल्डरला दोष देतो. बाजारात तपासणीचे द्रावण मिळते, जे मँगनीज जास्त असल्यास रंग बदलते; त्याचा एक थेंब चुंबकापेक्षा जास्त सांगून जातो. खाडीच्या अगदी काठावरच्या कामाला, परवडत असेल तर, दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 घ्यावे. जोडाशेजारी दिसणारा निळा-तपकिरी पट्टा शोभेचा मानून तसाच ठेवणारेही आहेत; त्या पट्ट्याखाली क्रोमियम कमी झालेले असते आणि गंजाची सुरुवात तिथेच होते, त्यामुळे तो काढलाच पाहिजे. मात्र त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत उतरते आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून योग्य हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा नसेल, तर त्या डब्याला हात लावू नये.

नौपाड्याच्या एका बँक कर्मचाऱ्यांनी केलेले कामाचे टेबल साधे पण प्रामाणिक होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घरगुती पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर, अडीच मिलिमीटरच्या म्हणजे बारा नंबरच्या रॉडने त्यांनी ते केले. 80 अँपिअरला आर्कचा दाब 23 व्होल्टच्या आसपास धरला तर आर्कमध्ये जाणारी शक्ती दोन किलोवॉटपेक्षा थोडी कमीच येते, त्यामुळे वायर आणि अर्थिंग चांगले असेल तर घरच्या जोडणीवर असे काम होऊ शकते. त्यांच्या टेबलाचा एकच दोष होता: बीड गरजेपेक्षा फार जाड. जोडाची बाजू सहाऐवजी आठ मिलिमीटर केली तर लागणारा धातू जवळपास पावणेदोन पटीहून अधिक होतो, तेवढीच उष्णता वाढते आणि तेवढे टेबल वाकते. जाड बीड म्हणजे मजबूत जोड, ही समजूत व्यावसायिकांमध्येसुद्धा पक्की आहे. ती मोडायला वेळ लागेल.

धुराविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण या बाबतीत आपल्या गाळ्यांमधली बेफिकिरी पाहून मन अस्वस्थ होते. जस्त 907 अंशांना उकळते आणि आर्कचे तापमान कित्येक हजार अंशांचे असते, त्यामुळे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या, पाइपवर आर्क लावला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. आपल्याकडे यावर दूध पितात. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात गेलेला असतो. दुधाने त्यावर काहीही होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त आधी घासून काढणे, तोंड धुराच्या झोतातून बाजूला ठेवणे, योग्य मास्क लावणे आणि धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा जोडाजवळ ठेवणे, हे उपाय खरे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला आहे, आणि स्टेनलेसच्या धुरात तर षट्संयुजी क्रोमियमही असते. याशिवाय ब्रेक साफ करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण फवारून लगेच वेल्डिंग करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे कधीही करू नका. त्याच्या वाफांपासून आर्कजवळ फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

डोळ्यांचेही तसेच. आर्क लागल्याचे तेव्हा कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा झोपेतून उठवून, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. बटाट्याचे काप ठेवून थोडा गारवा मिळतो, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणेच योग्य. काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर दहा-अकरा नंबरची काच असते. गल्लीत उभे राहून ठिणग्या पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर काहीच नसते. रस्त्याच्या कडेला काम करताना निदान एक जाड पडदा किंवा पत्रा मध्ये उभा करणे हे वेल्डरचे कर्तव्य आहे, असे मी मानते, आणि मामा ते नेमाने करतात हे मी पाहिले आहे.

पावसाळ्यात रॉड जपणे हा आमच्याकडे दरवर्षीचा विषय. साध्या कामाचा 6013 रॉड किंचित दमटपणा सहन करतो आणि गरज पडल्यास सौम्य उष्णतेवर सुकवता येतो. 7018 चे तसे नाही. त्याचा उपयोगच मुळी हायड्रोजन कमी ठेवण्यासाठी आहे, आणि पाकीट उघडल्यावर चार तासांच्या आत तो वापरावा किंवा गरम भट्टीत ठेवावा असा संकेत आहे. भिजलेला किंवा ओल धरलेला 7018 पुन्हा सुकवायला 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास लागतात. घरातल्या ओव्हनचा काटा बहुधा 250 च्या पुढे जात नाही. म्हणून हौशी मंडळींनी लहान पाकिटे घ्यावीत आणि उघडलेले पाकीट एका बैठकीत संपेल असे काम आखावे. मोठे पाकीट स्वस्त पडते म्हणून घेऊन ते जुलैभर उघडे ठेवण्यात काहीच बचत नाही.

पुढच्या वेळी सर्वांनी एकच काम करून आणायचे ठरले आहे. सहा मिलिमीटर जाड पट्टीचे दोन तुकडे घ्यायचे, त्यांचा टी जोड करायचा, 3.15 मिलिमीटरच्या 6013 रॉडने एकाच बाजूला सहा मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला तिकोनी बीड, टाकायचा आणि तो जोड हॅकसॉने आडवा कापायचा. कापलेले तोंड आधी कानशीने, मग 80 नंबरपासून 400 नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचे. सर्किट बोर्ड खोदण्यासाठी जे फेरिक क्लोराइड मिळते ते मी आणणार आहे. ते तोंडावर लावले की काही वेळात बीड, वितळलेला भाग आणि उष्णतेने बदललेला पट्टा वेगवेगळे दिसू लागतात. सहा मिलिमीटरच्या फिलेटचा गळा, म्हणजे मुळापासून बीडच्या पृष्ठभागापर्यंतचे सर्वांत कमी अंतर, 4.2 मिलिमीटर यायला हवा, आणि मुळाच्या कोपऱ्यापर्यंत धातू पोहोचला आहे की नाही हे तिथे थेट मोजता येईल. बँकेतले काका दोन नमुने आणणार आहेत, एक सहाचा आणि एक त्यांच्या सवयीचा जाड. मुलीने मात्र पट्टीऐवजी स्प्रिंगचे दोन जोड करायचे कबूल केले आहे, एक तापवून केलेला आणि एक थंड. दोघांच्या शेजारचा कठीण पट्टा किती रुंद येतो ते आम्ही त्याच दिवशी कानशीने घासून पाहू.